छाट

कुंभारीच्या विडी घरकुलात
पाणी सहाव्या दिवशी आलं, तेही रात्री दीडला.
बॅरल भरला, घागरी भरल्या,
कुकरसुद्धा भरून ठेवला.
पाइप गुंडाळताना आठवलं,
रात्रीची गोळी राहिली.
असू दे म्हटलं. एकीने काय होतंय.

या महिन्यात हे तिसऱ्यांदा.
एकदा श्रीलताच्या पोराच्या बारशाला राहिली,
एकदा मुद्दाम.

मुद्दाम का, तर
ती गोळी घेतली की बोटांना झोप लागते.
डोळे टक्क उघडे, बोटं झोपलेली.
पानावर फर्मा ठेवते, कातरी चालवते,
पान उगाच तिरकं जातं.
कारखान्यात चेकर बंडलावर नुसता अंगठा फिरवतो:
ही छाट, ही छाट, ही पण छाट, यमुलबाई.
हजारातल्या सत्तर बाजूला टाकतो,
पैसे नऊशे तीसचे देतो
आणि ते सत्तरही स्वतःकडेच ठेवतो.

दिवाळीनंतर डाव्या बरगडीवर नागीण उठली होती.
चुलतसासूने गेरू लावला,
तोंड-शेपूट भेटू देऊ नको म्हणाली.
नाही भेटू दिलं.
फोड वाळले, खपल्या पडल्या,
नागीण गेली ती कात आत टाकून.
आता ब्लाउज घासला तरी पेटतं.

सिव्हिलमध्ये सांगितलं, हे नसेचं दुखणं.
मी म्हटलं, मंट. मंट होतंय.
डॉक्टर पोरगा लातूरकडचा, त्याला तेलुगू कुठलं.
मग म्हटलं, आग.
त्याने कागदावर तिसऱ्याच भाषेत काही लिहिलं
आणि माझी आग त्या ओळीत मावली.
सकाळी एक, रात्री एक.
मनाने बंद करायची नाही.
चुकली तर चुकली, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

हे शेवटचं मला पटलं नव्हतं.
आमच्यात आज दोनशे कमी पडल्या
तर उद्या दोनशे जास्त वळायच्या.
हिशेब मिटतो.

तीन वाजता आली.
आधी मुंग्या,
मग सुया,
मग बरगडीवर इस्त्री ठेवून
कुणी दार उघडायला गेल्यासारखं, आणि तिकडेच बोलत बसल्यासारखं.
हुक काढले. पदर भिजवून लावला.
ओला पदरही टोचला.

नरहरी उठला.
चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस,
ऐकू कमी येतं, पण माझं कण्हणं कसं कोण जाणे
त्याला ऐकू येतं.
डबा उघडून सगळी पाकिटं बल्बखाली धरली,
चष्म्याशिवाय मोजली. बोटाने, एकेक फुगवटा.
"एकोणीस पाहिजेत. सव्वीस आहेत."
मी गप्प.
"ह्या सात कशा वाचवल्यास?"

वाचवल्यास म्हणाला.
तुम्हालाही मी मघाशी तीनच सांगितल्या.

दोन काढून तळहातावर घेतल्या होत्या.
त्याने एक उचलून परत डब्यात टाकली,
पाण्याचा तांब्या पुढे केला
आणि डबा आपल्या उशाखाली ठेवला.

गोळी पोटात गेली तरी नसेपर्यंत पोचायला
तिला तिचा वेळ लागतो.
तेवढ्या वेळात त्याने माझं सूप मांडीवर ओढलं.
पान घेतलं, चिमूटभर तंबाखू, वळायला लागला.
आयुष्यभर तुटलेलं सूत सांधलेली बोटं ती,
विडी मात्र मधेच गरोदर.
"छाट," मी म्हणाले.
त्याने दुसरी वळली.
"ही पण."
हसले, तर बरगडीत जाळ उठला,
म्हणून हसणं अर्ध्यावर सोडलं.

पाचच्या सुमाराला बोटांना झोप यायला लागली.
सुपात एकवीस विड्या होत्या,
एकही चालणार नव्हती.